हवं ते आणि लागतं ते

॥ अवधूतचिंतन श्रीगुरुदेव दत्त ॥ 🙏🏻



आपल्या फॅमिली ग्रुपवर दर दोन-चार दिवसांनी एक मेसेज हमखास येतो. "इंदूरमध्ये चांगला हाडांचा डॉक्टर कोण?" "बेळगावात आईच्या डोळ्यांसाठी चांगले डॉक्टर सुचवा." "हैदराबादला मराठी समजणारं कोणी आहे का?" मग धडाधड उत्तरं येतात. "हाताला गुण आहे हो त्यांच्या." "स्वभाव फार गोड." "उगाच तपासण्या काढत नाहीत." "एक इंजेक्शन दिलं की दुसऱ्या दिवशी माणूस उभा." "सगळं समजावून सांगतात."

ही उत्तरं सावकाश वाचून बघा. 'चांगला' या एका शब्दात आपण चार-पाच निराळ्या गोष्टी भरलेल्या असतात, आणि त्या प्रत्येक वेळी एकत्र नांदतातच असं नाही. गोड बोलणारा डॉक्टर कधी खरं सांगायचं टाळतो. खरं सांगणारा कधी तोडून बोलतो. मागेल ते इंजेक्शन देणारा लोकप्रिय होतो, पण ते इंजेक्शन त्या आजाराला लागतच नव्हतं असंही असतं.

म्हणून या वेळच्या चिंतनाला हा प्रश्न घेतला आहे. *रोग्याला हवं ते द्यावं, की त्याला लागतं ते द्यावं?* आपल्या परिवारात डॉक्टर, वैद्य, नर्स, औषधांच्या दुकानात बसणारे बरेच जण आहेत. बाकीचे आपण सगळे आज ना उद्या रोगी किंवा रोग्याचे नातेवाईक. त्यामुळे हा प्रश्न दोन्ही बाजूंनी आपलाच आहे.

*१. सलाईनची बाटली*

सोपं उदाहरण घेऊ. आजी म्हणतात, "फार गळून गेल्यासारखं वाटतंय, डॉक्टरांना सांग एक सलाईन लावा." अर्धा लिटर साध्या सलाईनच्या बाटलीत काय असतं? पाणी आणि साडेचार ग्रॅम मीठ. ग्लुकोजची पाच टक्क्यांची बाटली असेल तर पंचवीस ग्रॅम साखर, म्हणजे पाच-सहा चमचे. ज्याला तोंडाने खाता-पिता येतं, त्याला हे घरच्या सरबतातून मिळतं. तसंच सर्दी-पडशाचं. सर्दी आणि बहुतेक वेळा घशाची खवखव विषाणूंमुळे होते. अँटिबायोटिक जिवाणूंवर चालतं, विषाणूंवर चालत नाही. तरी "जरा स्ट्राँग काहीतरी द्या" असं आपण म्हणतोच.

आता डॉक्टरांपुढे दोन सोपे रस्ते आहेत. एक, बाटली लावावी, पैसे घ्यावेत, आजी खूश. दुसरा, "काही गरज नाही, घरी जा," असं म्हणून पुढचा पेशंट बोलवावा. पहिल्यात हवं ते मिळालं, लागतं ते राहिलं. दुसऱ्यात डॉक्टर शास्त्राने बरोबर, पण आजी उद्या दुसऱ्या दवाखान्यात जाऊन बाटली लावून घेणार.

आपल्याला कठोपनिषदातले दोन शब्द ठाऊक आहेत, *श्रेय* आणि *प्रेय*. जे हिताचं ते श्रेय, जे आवडीचं ते प्रेय. यमाने नचिकेताला हत्ती, घोडे, सोनं, दीर्घ आयुष्य असं सगळं प्रेय देऊ केलं, त्याने ते नाकारलं आणि श्रेय मागितलं. प्रवचनात आपण हे ऐकतो आणि पटकन निष्कर्ष काढतो, की डॉक्टरांनी श्रेय द्यावं, प्रेय देऊ नये, विषय संपला.

पण गोष्ट तेवढ्यावर संपत नाही. नचिकेताने श्रेय *स्वतः निवडलं*. यमाने ते त्याच्या गळ्यात मारलं नाही. आधी त्याला पारखलं, त्याचं ऐकून घेतलं, त्याने तीन वेळा मागितलं आणि मगच सांगितलं. श्रेय बाहेरून लादलं की ते औषधाच्या कडू घोटासारखं थुंकून टाकलं जातं. डॉक्टरांचं निम्मं काम योग्य औषध ओळखण्याचं आहे, आणि उरलेलं निम्मं ते समोरच्याला आपलंसं वाटेल असं करण्याचं.

मग सलाईन मागणाऱ्या आजींना काय हवं असतं? नीट पाहिलं तर त्यांना मीठ-पाणी नको असतं. "मला बरं वाटत नाहीये, हे कोणीतरी मनावर घ्या" एवढंच त्या म्हणत असतात. बाटली लावली की सून शेजारी बसते, मुलगा ऑफिसातून फोन करतो, तास-दोन तास सगळ्यांचं लक्ष असतं. हे ओळखणारा डॉक्टर नाडी बघतो, बीपी घेतो, पापणी खाली ओढून डोळ्यांत फिकेपणा आहे का पाहतो, जेवण-झोप विचारतो, गरज वाटली तर हिमोग्लोबिन करायला सांगतो. मग म्हणतो, "आजी, अशक्तपणा खरा आहे. बाटलीत काय असतं ते सांगतो, त्यापेक्षा हे करा. आणि तीन दिवसांत बरं वाटलं नाही, धाप लागली, किंवा चक्कर आली तर थांबू नका, लगेच या." आजींना बाटली मिळाली नाही, पण ज्यासाठी बाटली मागितली ते मिळालं. *"परत कधी यायचं" हे स्पष्ट सांगणं हेसुद्धा औषधच आहे.* त्याने माणसाला आपण वाऱ्यावर नाही असं वाटतं.

याचं मोठं उदाहरण आपल्या देशातच घडलं. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धातून लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला. शिरेतून द्यायचं सलाईन संपत आलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा पाण्यात मिसळून ड्रममध्ये भरून ठेवलं आणि रोग्यांच्या आईबापांना, भावंडांना सांगितलं, हे तुम्हीच पाजत राहा. तिथे शंभरातले तीसच्या आसपास रोगी दगावत होते, ते प्रमाण चारच्या खाली आलं. आज आपण ज्याला ओआरएस म्हणतो, त्याची ही कसोटी. त्या वेळी अनेक जाणत्यांनासुद्धा हे पाणी म्हणजे कमअस्सल उपाय वाटायचा, खरा उपाय बाटलीच. लागतं ते देण्याची हिंमत डॉक्टरांनी दाखवली, आणि ते पाजायचं काम विश्वासाने घरच्यांच्या हाती दिलं. या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या म्हणून माणसं वाचली.

*२. पण रोग्याचं 'हवं' नेहमी क्षुल्लक नसतं*

एवढं वाचून कोणी डॉक्टर गुरुबंधू म्हणतील, "बघा, आम्ही सांगतो तेच बरोबर असतं." थांबा. नाण्याची दुसरी बाजू गडचिरोलीत आहे.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ च्या सुमारास तिथे 'सर्च' ही संस्था काढली. दोघे मोठे शिकलेले, अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला सार्वजनिक आरोग्य शिकून आलेले. तरी आदिवासी माणूस दवाखान्याकडे फिरकत नव्हता. शहरी माणूस म्हणेल, अडाणी आहेत, अंधश्रद्धा आहे. त्यांनी तसं न म्हणता लोकांनाच विचारलं, तुम्हाला दवाखान्याची भीती कशाची वाटते? उत्तरं आली ती विचार करायला लावणारी होती. तुमची इमारत एवढी मोठी की आम्ही हरवतो. तुमचे लोक पांढरे कपडे घालतात, आमच्यात पांढरं कापड मेलेल्या माणसावर घालतात. रोग्याजवळ त्याच्या माणसांना राहू देत नाहीत. आणि तिथे आमचा देव नाही.

मग दवाखाना गोंडांच्या गावासारखा झाला. वॉर्डऐवजी झोपड्या, जिथे घरचे लोक रोग्याबरोबर राहतील. दवाखान्याला नाव दिलं त्यांच्या देवीचं, माँ दंतेश्वरी. औषधं तीच, शास्त्र तेच. बदललं ते दार, आणि माणसं त्या दारातून आत यायला लागली.

इथे लोकांनी जे 'हवं' म्हणून सांगितलं, ते डॉक्टरांच्या कुठल्याही पुस्तकात नव्हतं. शरीराला काय लागतं हे डॉक्टरांना जास्त कळतं, मान्य. पण त्या माणसाच्या *आयुष्याला* काय लागतं, हे त्याच्याइतकं कोणालाच कळत नाही.

आणि काही गोष्टी माणूस मागतही नाही. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० बायकांची तपासणी केली. १९८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते प्रसिद्ध झालं. शंभरातल्या ९२ बायकांना स्त्रीरोगांपैकी काही ना काही त्रास होता, आणि आधी कधी स्त्रीरोगाची तपासणी झालेल्या होत्या शंभरात फक्त ८. म्हणजे दुखणं होतं, अंगावर काढलं जात होतं, तोंडातून शब्द नव्हता. रोगी मागत नाही म्हणून त्याला लागत नाही, असं समजणाऱ्या डॉक्टरांना हे आकडे उत्तर देतात. आणि आपल्या घरातल्या काकू, मावशी, वहिनी "मला काय धाड भरलीये" म्हणून हसून उडवतात, तेव्हा आपल्यालाही.

*३. ऐकणं: किती सेकंद?*

"एवढं ऐकत बसलो तर ओपीडीतले ऐंशी पेशंट कधी बघू?" ही डॉक्टरांची अडचण खोटी नाही. अनेक देशांतल्या तपासणीच्या वेळेचा आढावा २०१७ साली प्रसिद्ध झाला. स्वीडनमध्ये एका रोग्याला सरासरी साडेबावीस मिनिटं मिळत होती, बांगलादेशात ४८ सेकंद, आणि आपल्याकडे सुमारे दोन मिनिटं. ही गर्दी एकट्या डॉक्टरच्या प्रेमळपणाने हटणार नाही. त्यासाठी जास्त डॉक्टर, जास्त सरकारी दवाखाने लागतील.

तरी दोन मिनिटांतही फरक पडतो. १९८४ साली अमेरिकेतल्या एका अभ्यासात दिसलं, की रोगी बोलायला लागल्यावर सरासरी अठरा सेकंदांत डॉक्टर त्याला मध्येच तोडतात. पुढे २००२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये डॉक्टरांना सांगितलं गेलं, की रोग्याला अजिबात अडवू नका, त्याचं संपेपर्यंत ऐका. सगळ्यांना भीती होती की लोक तासभर बोलत बसतील. प्रत्यक्षात रोगी सरासरी ९२ सेकंद बोलले. शंभरातल्या अठ्ठ्याहत्तर जणांचं दोन मिनिटांच्या आत संपलं. स्वीडन-स्वित्झर्लंडची सोय आपल्याकडे नाही हे खरं, पण दीड मिनिट? दीड मिनिट म्हणजे जपाच्या माळेचा एक तुकडा.

आणि त्या दीड मिनिटात मराठी माणूस काय काय सांगून जातो! पोटात *कळ* येते म्हणजे दुखणं लाटेसारखं येतं आणि जातं. बोट *ठणकतंय* म्हणजे आत पू झाला असेल. पाठीतून *चमक* निघते, पायाला *मुंग्या* येतात, छातीत *जळजळ* होते, डोकं *भणभणतं*. प्रत्येक शब्द डॉक्टरांना वेगळ्या दिशेने नेतो. हैदराबाद, वडोदरा, ग्वाल्हेर, बेळगाव इथल्या आपल्या वडीलधाऱ्यांची हीच अडचण होते. बाजारात तेलुगू, गुजराती, हिंदी, कन्नड सगळं उत्तम बोलतात, पण दुखायला लागलं की माणूस आईच्या भाषेत जातो. "दर्द हो रहा है" एवढंच बाहेर पडतं, कळ की ठणका हे आतच राहतं.

त्यातही सगळ्यात महत्त्वाचं वाक्य, *"कसंसंच होतंय."* वयस्कर माणसांत, मधुमेह असलेल्यांत, आणि बायकांतही, हृदयविकाराचा झटका कधी कधी छातीत दुखल्याशिवाय येतो. नुसता घाम फुटतो, जीव घाबरा होतो, मळमळतं, एकदम गळून जायला होतं. आजोबा म्हणतात, "कसंसंच होतंय," आणि आपण म्हणतो, "गॅस झाला असेल, सोडा घ्या." जो डॉक्टर या तीन अक्षरी 'कसंसं'कडे दुर्लक्ष न करता ईसीजी काढतो, तो खरा ऐकणारा. आणि मुला-सुनांनी दवाखान्यात जाताना भाषांतर करायचं असेल तर आजोबांचा शब्द आधी जसाच्या तसा सांगावा, त्याचा अर्थ मग. आपलं निदान मध्ये घालू नये.

*४. सांगणं: खरं किती आणि कोणाला?*

आता अवघड जागा. आपल्यातल्या कितीतरी घरांत हे आज, आत्ता चालू असेल. वडिलांचा रिपोर्ट आला आहे, त्यात कॅन्सर आहे. मुलगा डॉक्टरांच्या केबिनमध्ये वडिलांच्या आधी शिरतो आणि हात जोडून म्हणतो, "डॉक्टर, बाबांना यातलं काही सांगू नका. ते खचतील." हे प्रेमापोटी असतं, यात शंका नाही. डॉक्टरांनी काय करावं?

मुलाचं ऐकावं म्हणणारे चरकाचा आधार देतात. चरकसंहितेच्या विमानस्थानात गुरू शिष्याला वैद्यकीची दीक्षा देताना जो उपदेश करतो, त्यात हे आहे, की रोग्याचं आयुष्य थोडं उरलं आहे असं कळलं तरी, जिथे ते सांगितल्याने रोग्याला किंवा दुसऱ्या कोणाला धक्का बसून अपाय होईल, तिथे सांगू नये. पण यातली अट बघा. *जिथे अपाय होईल तिथे.* सगळीकडे लपवा, असं चरकाने म्हटलेलं नाही. कुठे अपाय होईल हे ठरवायला वैद्याने त्या रोग्याला ओळखायला हवं. मुलाच्या भीतीवरून बापाची ताकद मोजता येत नाही. त्याच उपदेशात असंही आहे, की रोग्याच्या घरी गेल्यावर वैद्याचं मन, वाणी, इंद्रियं रोग्याच्या हितातच गुंतलेली असावीत, आणि त्या घरातली गोष्ट बाहेर जाऊ नये. म्हणजे वैद्याची बांधिलकी पहिली कोणाशी? रोग्याशी.

आजचा कायदाही तेच सांगतो. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने एका खटल्यात स्पष्ट केलं, की सज्ञान आणि शुद्धीवर असलेल्या रोग्याच्या शरीरावर काय करायचं याची संमती त्यानेच द्यायची. तपासणीला दिलेली संमती मोठ्या ऑपरेशनला चालत नाही. त्या खटल्यात भूल दिलेल्या रुग्णाच्या आईची संमती घेतली होती. न्यायालयाने ती ग्राह्य धरली नाही, कारण जीवावर बेतलेलं नव्हतं, रुग्ण शुद्धीवर येईपर्यंत थांबता आलं असतं. ज्याला आजारच माहीत नाही, तो संमती कशाला देणार?

आणि आपल्या परंपरेत याहून मोठा दाखला आहे. आपण दरवर्षी भागवत सप्ताहाला बसतो. तो सप्ताह सात दिवसांचाच का? परीक्षित राजाला तक्षकाच्या दंशाने सातव्या दिवशी मरण येणार, असा शाप होता. महाभारतात शमीक ऋषी, ज्यांच्या मुलाने शाप दिला तेच, स्वतःचा शिष्य पाठवून राजाला ही बातमी कळवतात. समजा, प्रधानांनी ठरवलं असतं, "महाराजांना सांगू नका, खचतील." तर गंगेच्या काठी बसणं झालं नसतं, शुकाचार्यांना विचारलेला तो प्रश्न झाला नसता, आणि भागवत आपल्यापर्यंत आलं नसतं. उरलेले दिवस थोडे आहेत हे कळणं, हीच राजाची शिदोरी झाली.

यावर कोणी म्हणेल, "परीक्षित राजा होता. माझी आई साधी बाई आहे, रडून रडून अर्धी होईल." हरकत बरोबर आहे. म्हणूनच उत्तर "सगळ्यांना सगळं सांगा" असं नाही. अंगावर रिपोर्ट फेकून "चौथी स्टेज आहे" म्हणणारा डॉक्टर खरं बोलतो, पण हिताचं करत नाही. औषधाची मात्रा असते तशी सत्याचीही असते. उत्तर असं आहे, की *रोग्यालाच विचारावं.* "काका, तुमच्या आजाराबद्दल तुम्हाला आत्तापर्यंत काय कळलंय? रिपोर्टमध्ये जे आहे ते तुम्हाला सगळं ऐकायचंय, का थोडं थोडं सांगू? का मी तुमच्या मुलाशी बोलू?" काका म्हणाले, "तुम्ही आणि मुलगा बघून घ्या, मला नको सांगू," तर तो त्यांचा निर्णय, तो मानावा. काका म्हणाले, "मला सांगा," तर मग कोणाच्या हात जोडण्याने ते दडवू नये. सांगावं, बसून सांगावं, थांबत थांबत सांगावं, रडू आलं तर येऊ द्यावं. न ऐकण्याचा हक्क आहे, पण तो काकांचा आहे. तो त्यांच्या वतीने मुलाला वापरता येणार नाही.

शिवाय, लपवलेलं बहुतेक वेळा लपत नाही. बायको डोळे पुसत स्वयंपाकघरात जाते, मुलगी अचानक अमेरिकेहून येते, सगळे जरा जास्तच गोड बोलायला लागतात. माणसाला कळतं. मग तोही आपल्याला कळलं नाही असं दाखवतो, तुम्हाला त्रास नको म्हणून. दोन्ही बाजू एकमेकांना जपत बसतात आणि जे बोलायचं ते राहून जातं. भावाशी वीस वर्षांचा अबोला, गाणगापूरला एकदा जायची इच्छा, कागदपत्रांवरच्या सह्या, कोणाचे तरी घेतलेले पैसे, आणि शांतपणे नाम घेण्याचे दिवस. हे सगळं त्या माणसाचं होतं. ते आपण प्रेमाने काढून घेतलं.

*५. थांबणं: 'आता काही करता येत नाही'*

"आता करण्यासारखं काही नाही, घरी घेऊन जा." हे वाक्य ऐकून जिना उतरलेली माणसं आपल्या परिवारातही आहेत. डॉक्टरांचा अर्थ एवढाच असतो, की रोग बरा होणार नाही. घरच्यांना ऐकू येतं, आम्ही तुम्हाला सोडलं.

रोग बरा होत नाही तेव्हाही वेदना कमी करता येते, धाप कमी करता येते, झोप देता येते, अंथरुणाने पाठीला पडणाऱ्या जखमा टाळता येतात. याचं स्वतंत्र शास्त्र आहे, उपशामक उपचार. कॅन्सरच्या तीव्र वेदनांवर मॉर्फिनच्या गोळ्या योग्य मात्रेत फार उपयोगी पडतात. अमली पदार्थांच्या कायद्याच्या जाचामुळे त्या वर्षानुवर्षं मिळणं कठीण होतं. २०१४ साली कायदा दुरुस्त होऊन वाट सोपी झाली. घरात कोणी वेदनेत असेल तर डॉक्टरांना हा शब्द उच्चारून विचारा. विचारायला लाजू नका, आणि "सवय लागेल" या भीतीने शेवटच्या दिवसांत कोणाला तळमळत ठेवू नका.

चरकाने वैद्याची वृत्ती चार प्रकारची सांगितली आहे. रोग्यांविषयी मैत्री आणि करुणा, बरा होऊ शकणाऱ्यावर उपचार करण्यात आस्था, आणि जो मरणाच्या वाटेला लागला त्याच्याबाबतीत उपेक्षा. या 'उपेक्षे'चा अर्थ टाकून देणं असा घेऊ नये, कारण मैत्री आणि करुणा त्याच सूत्रात आधीच सांगितल्या आहेत आणि त्या मागे घेतलेल्या नाहीत. निरर्थक झटापट थांबवावी, शेजारची खुर्ची सोडू नये, असा तो अर्थ घ्यावा.

*६. आपला वाटा*

डॉक्टरांना एवढं ऐकवल्यावर आपल्याकडेही बघू. चरकाने चिकित्सेचे चार पाय सांगितले आहेत, वैद्य, औषध, सेवा करणारा आणि रोगी. प्रत्येकाचे चार गुण. रोग्याचे गुण कोणते? आठवण ठेवणं, सांगितलेलं पाळणं, न घाबरणं, आणि आपला आजार नीट सांगणं. सेवा करणाऱ्याच्या गुणांत ज्ञान, चपळाई, स्वच्छता आहे, आणि *अनुराग*, म्हणजे माया. खाटेचा एक पाय कितीही मजबूत असला तरी बाकीचे तीन लंगडे असतील तर झोपणारा पडणारच.

बीपीची, शुगरची गोळी "बरं वाटायला लागलं" म्हणून आपण परस्पर बंद करतो आणि डॉक्टरांना सांगत नाही. औषध महाग पडतं हे सांगायची लाज वाटते, म्हणून महिन्याची गोळी एक दिवसाआड घेतो. डॉक्टरांनी स्वतःहून विचारावं, "खर्च झेपतोय का? यातलं स्वस्त काही चालेल का बघू?" पण त्यांनी नाही विचारलं तर आपण सांगावं. जनऔषधी केंद्रात तेच औषध बऱ्याचदा खूप कमी किमतीत मिळतं.

श्रद्धेबद्दलही स्पष्ट बोलू. आपल्यापैकी पुष्कळ जण उशाशी अंगारा ठेवतात, पादुकांचं तीर्थ घेतात, ऑपरेशनचा दिवस अमावास्या सोडून मागतात. समंजस डॉक्टर याला हसत नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन चार दिवसांनी झालं तर काही बिघडत नाही, त्याने खुशाल पौर्णिमेनंतरची तारीख द्यावी, मनाला बळ मिळतं. पण अपेंडिक्स फुटायला आलं आहे, तेव्हा त्याने ठणकावून सांगावं, आणि आपण पंचांग मिटवावं. सद्गुरूंनी आपल्याला शिकवलं ते कर्तव्य टाळायला नाही. उपचार करून घेणं हेही त्या क्षणी आलेलं कर्म आहे. नाम घ्यायला ऑपरेशन टेबलावर कोणी अडवत नाही.

आणि शेवटचं. आपण डॉक्टरांना आधी देव म्हणतो आणि रोगी दगावला की अंगावर धावून जातो. ज्याला आपण देव केलं, त्याला "मला माहीत नाही" म्हणायची सोय उरत नाही, मग तो दहा तपासण्या लिहितो, हातचं राखून बोलतो. त्याला माणूस राहू द्या. २०१९ पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीती आणि संवाद हा भाग रीतसर शिकवला जातो. नवी पिढी बोलायला शिकते आहे. आपण बोलू देणारे झालो पाहिजे.

तर मूळ प्रश्नाचं उत्तर काय? डॉक्टरांनी लागतं ते द्यावं, पण हवं ते ऐकल्याशिवाय लागतं ते कळत नाही. ऐकून घ्यावं, विचारून सांगावं, बरं करता आलं नाही तरी सोडून जाऊ नये. आणि आपण खरं सांगावं, सांगितलेलं पाळावं, आणि आपल्या माणसाच्या वतीने त्याचं तोंड बंद करू नये.

*या आठवड्याचा संकल्प:* घरात कोणी आजारी असेल तर त्यांच्याजवळ दीड मिनिट बसा. फोन बाजूला ठेवून विचारा, "तुम्हाला नक्की काय होतंय, आणि तुमची इच्छा काय आहे?" मध्ये बोलू नका. जे सांगतील ते पुढच्या भेटीआधी चार ओळींत लिहून ठेवा आणि डॉक्टरांना तसंच द्या. ग्रुपवरच्या डॉक्टर गुरुबंधू-भगिनींनी दिवसातून निदान एका रोग्याचं संपेपर्यंत ऐकावं, आणि तो अनुभव पुढच्या गुरुवारी इथे जरूर लिहावा. (रोग्याचं नाव, गाव लिहू नये. घरातली गोष्ट घरातच.)

सर्व रुग्णांना आराम पडो, त्यांची सेवा करणाऱ्यांना बळ मिळो, हीच श्रीचरणी प्रार्थना.

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥ 🙏🏻